ठकीच्या नावावरची जळजळ

तलासरी, सोमवार

ती. भिकीताईस,

धाकट्या संगिताचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण सध्या वाकलं की छातीत आंबट वर चढतं, म्हणून उभ्यानेच केला आहे. तू तो वाकून केलेला समज. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा घसा सुटला का? (वाढवण बंदराविरुद्धच्या मोर्चात एकदम पुढे उभं राहून ओरडायला त्यांना कोणी सांगितलं होतं? मागे उभं राहिलं तरी माणूस मोर्चातच असतो.) नरपडला चिकूची तोड चालू असेल. तू शिडीवर चढू नकोस, खाली बसून चिकू निवडायचं काम मागून घे. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असले तरी पाड्याची आशाताई आहे, आणि आशाताईला सगळ्यांना सगळं सांगायचा अधिकार सरकारने दिलेला आहे. आमच्याकडे सासूबाई बऱ्या आहेत. त्यांचा लेक नविन रोज कंपनीच्या गाडीने उंबरगावला जातो-येतो, तो बरा आहे. प्रगती बारावीचा अभ्यास करते असं ती स्वतः म्हणते, म्हणजे तीही बरी आहे. शेळ्या बऱ्या आहेत. मी तेवढी बरी नाही.

तू म्हणशील, मग फोन करायचा, पत्र कसलं लिहीत बसलीस. ताई, आमच्या पाड्यात फोन लागतो तो फक्त वर टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथे कोणत्याही वेळी आठ-दहा माणसं एक कान दाबून उभी असतात. एकाचं बोलणं चालू असताना बाकीच्यांनी करायचं काय, ते ऐकतात. मागच्या महिन्यात पाड्यातल्या मुकेशच्या बायकोने तिथून आपल्या आईला दिवस गेल्याचं कळवलं, तर ती टेकडी उतरून घरी पोचायच्या आत तिघीजणी माझ्या दारात हजर, आशाताई, नोंद करून घे म्हणून. आता तिथे उभी राहून मी माझ्या छातीचं सांगायला लागले तर संध्याकाळपर्यंत माझ्या दहाव्याची तयारी होईल. शिवाय टेकडी चढावी लागते, आणि चढणं हाच सगळा घोळ आहे, तो पुढे येईलच. म्हणून हे पत्र रूपीबरोबर पाठवते आहे. तीच ती, तुमच्या नरपडची, आमच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते ती. तिला वाचता येत नाही, हा तिचा मोठा गुण. पत्राला बोंबलाचा वास आला तर ते तिच्या पाटीच्या तळाशी होतं असं समज, माझ्या घराबद्दल काही समजू नकोस.

तर आज एकोणीस दिवस झाले. बरोबर मधोमध, बरगड्या जिथे मिळतात तिथे, कोणीतरी निखारा ठेवून फुंकर मारत बसल्यासारखं जळतं. जेवल्यावर जळतं. वाकल्यावर जळतं, भाताच्या आवणीचे दिवस नाहीत हे माझं नशीब. आणि (हे मी नविनला सांगितलेलं नाही, सासूबाईंना नाही, कोणालाच नाही) टेकडी चढतानाही जळतं. एवढं लिहून मी पेन खाली ठेवला, बाहेर जाऊन शेळ्यांना पाला टाकला, अंगण झाडलं, झाडलेलंच परत झाडलं, आणि आता पुढे लिहिते आहे. जेवल्यावर जळलं तर ते पित्त. वाकल्यावर जळलं तरी पित्त. पण चढताना जळलं तर ते दुसरं काय असू शकतं हे आम्हाला ट्रेनिंगला शिकवलेलं आहे, त्याची परीक्षासुद्धा घेतली होती, आणि त्यात मला सगळ्यांपेक्षा जास्त मार्क पडले होते. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर एका माणसाचं चित्र आहे. छातीवर मूठ धरलेली, कपाळावर घाम, तोंड वाकडं. ते मीच खिळा ठोकून लावलं आहे. पाड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांना मी काठी लावून तो माणूस समजावून दिला आहे. हल्ली उपकेंद्रात गेले की त्याच्याकडे पाठ करून बसते, आणि तो मागून माझ्याकडे बघतो. ताई, तुला सरळच लिहिते, मला भयंकर भीती वाटते आहे. ज्याला यातलं काही कळत नाही त्याला वाटत असेल त्याच्या दुप्पट वाटते, कारण मला सगळं पाठ आहे. (आईचा विषय मी इथे काढणार नाही.)

आता पित्त व्हायला कारण नव्हतं असंही नाही. मागच्या महिन्यात घरोघरचा सर्व्हे होता. दिवसाला पंचवीस घरं, आणि दर दुसऱ्या घरात शिरलं की आधी कोरा चहा. नाही म्हणायची सोय नाही. एका घरचा घेतला आणि दुसऱ्या घरचा नाही घेतला, तर दुसऱ्या घरची बाई तोंडाला कुलूप लावते, मग घरात खोकणारा म्हातारा समोर खाटेवर खोकत असला तरी ती म्हणते, आमच्याकडे कोणाला खोकला नाही. खोकला शोधायचा तर चहा प्यावा लागतो. पहिल्या दिवशी मी अकरा चहा प्याले, दुसऱ्या दिवशी चौदा, सगळे रिकाम्या पोटी, आणि दुपारी कोणाच्या तरी ओट्यावर बसून नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी, ती पण अशी लाल की खाताना कान गरम व्हावेत. तिसऱ्या दिवशी मी एका बाईला फॉर्मवरचा प्रश्न विचारत होते, छातीत कधी जळजळ होते का, हो की नाही. ती नाही म्हणाली आणि त्याच क्षणी माझ्या छातीत पहिल्यांदा जळलं. मी फॉर्मवर नाही असं लिहिलं आणि पुढच्या घरी चहा प्यायला गेले.

तुला माहीतच आहे की छातीचं काही असलं तर घरगुती उपायात दिवस घालवू नका, लगेच दवाखान्यात चला, असं ओरडून ओरडून मी पाड्यात किती वाईटपणा घेतला आहे. मग आता मीच कोणाला उपाय विचारायचा कसा? तर मी एक युक्ती केली. सर्व्हेच्या सरकारी प्रश्नांना मी माझा एक प्रश्न जोडला, तुमच्या घरी छातीत जळजळ झाली तर काय करतात. (सरकारला कळलं तर माझी नोकरी जाईल, पण नोकरी जायला मी जिवंत तर हवी.) ताई, खोकला लपवणाऱ्या बायका या प्रश्नाला अशा काही सुटल्या की माझ्या डायरीची मागची पानं पुरली नाहीत. एकीने जिऱ्याचं पाणी सांगितलं, दुसरी म्हणाली जिरं भाजून, तिसरी म्हणाली भाजलं तर उलटं होतं, आणि दोघींचं तिथेच वाजलं. ओवा आणि मीठ. धणे रात्री भिजवून सकाळी. बडीशेप. गुळाचा खडा, पण चावायचा नाही. शेळीचं दूध गार करून. तांदळाची पेज, मीठ न घालता. संजाणला माहेर असलेल्या एका सुनेने छास, म्हणजे आपलं ताक, सांगितली, वर हिंग. एका आजीने सांगितलं की सकाळी उगवतीकडे तोंड करून श्वास न सोडता सात घोट पाणी प्यायचं, आणि मधे कोणी हाक मारली तर पहिल्यापासून. मी सगळं मान खाली घालून लिहून घेतलं आणि घरी येऊन एकेक करायला लागले.

सात घोटांचा उपाय पहिल्याच दिवशी बाद झाला, कारण आशाताईला सकाळी हाक मारली नाही असा दिवस नसतो. ओव्याने जळजळ होती त्याच्या वर आणखी एक जळजळ चढली. कच्च्या बटाट्याचा रस (हा प्रगतीने मोबाइलमध्ये बघून सांगितला, मी तिलाही सर्व्हेचंच कारण दिलं होतं) सारवलेल्या भिंतीला जीभ लावल्यासारखा लागतो. सोडा-लिंबू घेऊन मी महिन्याच्या मीटिंगला गेले, तिथे मोठ्या मॅडम माता आरोग्यावर बोलत होत्या आणि सगळीकडे शांतता होती, तेव्हा माझ्या पोटातून जो ढेकर आला त्याने मागच्या रांगेतली डुलकी काढणारी आशा दचकून उठली आणि हजर म्हणाली. एक दिवस तर सकाळी छास, दुपारी लिंबू आणि संध्याकाळी दूध असं झालं, आणि पोटात कोणीतरी दही लावतं आहे असं रात्रभर वाटत राहिलं. सासूबाईंना जिऱ्याचा डबा रिकामा होतो आहे हे दिसलंच. त्यांना मी पोट बिघडलं एवढंच सांगितलं, तर त्यांनी माझी बेंबी सरकली असं ठरवून मला आडवं पाडून तेल लावून पोट असं चोळलं की दोन दिवस मला हसताही येत नव्हतं. तसं हसण्यासारखं काही नव्हतंही. जळायचं ते जळतच होतं, आणि टाकीपर्यंत चढले की जास्त.

मग मी जे केलं ते तुला लिहायला मला लाज वाटते. मी हिरूबाबाकडे गेले. हिरूबाबा म्हणजे पलीकडच्या पाड्यातला भगत, तांदळाचे दाणे मांडून दुखणं बघतो तो. तोच, ज्याला मी गेल्या वर्षी ग्रामसभेत सगळ्यांसमोर उभं केलं आणि त्याच्याकडून कागदावर अंगठा घेतला होता की साप चावलेला, अडलेली बाळंतीण आणि छातीत दुखणारा माणूस आला तर दाणे न बघता दवाखान्यात पाठवीन. मी गेले, बसले. त्याने सूप पुढे ओढलं, मूठभर तांदूळ घेतले आणि कोणासाठी बघायचं ते विचारलं. मी म्हटलं, आमच्या पाड्यातली एक बाई आहे. काय होतंय? छातीत जळतं. झालं, त्याने हातातले तांदूळ परत डब्यात टाकले, डब्याला झाकण लावलं आणि मला म्हणाला, "छातीचं मी बघत नाही. माझा अंगठा गेलेला आहे. त्या बाईला तुमच्या पाड्यातल्या आशाताईकडे पाठव, ती नेईल." आणि हे तो माझ्याच तोंडाकडे बघून, अगदी गंभीरपणे सांगत होता. वर त्या बाईला नक्की पाठवीन असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं आणि जाताना कोरा चहा पाजला. वाटेत मी एका दगडावर बसले आणि रडले, ताई. माझं काम इतकं चांगलं झालं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा आशाताईकडून पुढे जिथे पाठवायचं तिथे मी गेले, म्हणजे दवाखान्यात, डॉक्टर मॅडमकडे. पण दाराशी जाईपर्यंत धीर होता, आत गेल्यावर तो गेला. मॅडम नवीन आहेत, वयाने प्रगतीच्या जवळपास वाटतात, पण डोळे असे की खोटं बोलणाऱ्याने खालीच बघावं. मी खाली बघून सांगितलं की आमच्या पाड्यात एक पेशंट आहे, बाई, वय बेचाळीस. मॅडमनी विचारलं, जेवल्यावर जळतं का, मी हो म्हटलं. वाकल्यावर? हो. चढताना? माझ्या तोंडून तेही निघून गेलं. मॅडमचा पेन थांबला. पेशंटला उद्याच आणायचं, ईसीजी काढायचा, गाडी पाठवते, नाव सांगा. ताई, नाव काय सांगू? सकाळीच कोंबड्यांवरून शेजारच्या ठकीशी माझं भांडण झालं होतं, तेच नाव जिभेवर होतं. मी ठकी सांगितलं. मॅडमनी लिहूनही घेतलं.

ठकी तुला आठवत असेल, माझ्या लग्नात मांडवात सगळ्यात मोठ्याने बोलत होती ती. वय माझ्याएवढंच. तिच्या जिभेला हाड नाही, आणि विश्रांतीही नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती टेकडी चढते आणि चढताना तिचं बोलणं एका शब्दाने कमी होत नाही, अशी तिची छाती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दवाखान्याची गाडी पाड्यात आली. ड्रायव्हर लक्ष्या ठकीचं नाव घेऊन विचारत आला. मी पुढे होऊन ठकीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, अगं, तपासणीची मोहीम आहे, तुझं नाव निघालं आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ गप्प राहून बघत राहिलेली ठकी मी कधी पाहिली नव्हती, मला वाटलं कोंबड्यांचा राग आहे. मग ती आत गेली, लग्नातली साडी नेसून आली आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. वाटेत लक्ष्याला तिने दोन वेळा भोंगा वाजवायला लावला.

दवाखान्यात मॅडमनी तिला विचारलं, जेवल्यावर जळतं? ठकी म्हणाली, फार जळतं. वाकल्यावर? ठकीने वाकून दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. चढताना? ठकी म्हणाली, हो, टाकीपर्यंत जाताना मधे तीनदा थांबावं लागतं. मी सर्द झाले. ही बाई गाडीत बसायला मिळावं म्हणून एवढं खोटं बोलते आहे, आणि ते नेमकं माझ्या दुखण्यावर जाऊन पडतं आहे, म्हणजे माझं नशीबच फुटकं, असं मला वाटलं. तिला पडद्याआड नेलं. मी बाहेर उभी. आत यंत्र टिकटिक करत होतं आणि इकडे माझी छाती अशी धडधडत होती की ते यंत्र पडद्यातून माझंच काढून घेईल की काय अशी मला धास्ती. मग लांबलचक कागद आला. मॅडमनी तो नीट बघितला आणि हसून म्हणाल्या, हृदय एकदम चांगलं आहे. ताई, मला एवढं हायसं वाटलं की मी बाकावर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून होईपर्यंत ते हृदय कोणाचं होतं हे माझ्या लक्षात आलं.

मॅडमनी ठकीला सगळं समजावून सांगितलं. रिकाम्या पोटी चहा नाही, तिखट कमी, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, थोडं थोडं खायचं, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या. गोळ्या दिल्या. आणि शेवटी सांगितलं की चढताना जळणं थांबलं नाही तर घरी जिरं-ओवा करत बसू नका, डहाणूला मोठ्या दवाखान्यात न्या, एक दिवस घालवू नका. हे सांगताना त्या ठकीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आशाताई म्हणून बघत असतील, असं मी मनाला समजावलं.

आता ठकीची ख्याती विचारू नकोस. आशाताईने माझा जीव वाचवला असं ती विहिरीवर, टाकीवर, रेशनच्या रांगेत सांगत सुटली आहे. परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या आठ बायकांच्या छातीत जळायला लागलं आणि गाडी कधी येणार ते विचारायला त्या लुगडी बदलूनच आल्या. ठकीने गोळ्या मात्र घेतल्या नाहीत. मला गोळ्या गिळता येत नाहीत, तू आशा आहेस, तूच ठेव, म्हणून माझ्या फळीवर ठेवून गेली. विटाही तिने माझ्याच खाटेखाली लावल्या, कारण म्हणे ती जमिनीवर झोपते, विटा वाया कशाला घालवायच्या. रात्री मी घसरत पायथ्याशी जाते आणि सासूबाई विचारतात, भूकंप झाला का. दुसऱ्याच्या गोळ्या खायच्या नाहीत हे मीच सगळ्यांना शिकवते, म्हणून त्या मी खाल्लेल्या नाहीत, नुसत्या बघते. ठकीचा तो ईसीजीचा कागदही माझ्याकडेच आहे, फाइलला लावायचा म्हणून. खोटं कशाला बोलू, तो मी उशीखाली ठेवला आहे. त्यावरची रेघ बघितली की थोडा वेळ बरं वाटतं. मग आठवतं की ती ठकीची आहे, आणि परत जळायला लागतं.

तर ताई, एवढं सगळं लिहायचं कारण इतकंच की तू जिरं, धणे आणि सुंठ घालून जे चूर्ण करतेस, ते बाटलीभर रूपीबरोबर पाठव. भावजींना त्याने गुण आला होता असं तू म्हणाली होतीस. काळजी करू नकोस, काही विशेष नाही, पित्तच असणार. गुडघ्यांना जप.

तुझी,
संगिता

ता. क. : चूर्ण पाठवू नकोस. तू ये. गुरुवारी जमलं तर बघ. डहाणूच्या मोठ्या दवाखान्यात मला एकटीने जायचा धीर होत नाही. इतक्या बायकांना मी हाताला धरून तिथे नेलं आहे, कोणत्या खिडकीवर केसपेपर मिळतो, कुठे बसायचं, सगळं माहीत आहे, पण माझा हात कोण धरणार? नविनला सांगितलं तर तो कंपनीत खाडा करून दारात बसून राहील आणि त्याचा चेहरा बघून मी आणखी घाबरेन. तुझे गुडघे दुखतात हे मला कळतं. तरी ये.

ता. क. दुसरा : आता लिहूनच टाकते. आई माझ्याकडे होती त्या शेवटच्या दिवसांत तिला काही त्रास नव्हता, झोपेतच गेली, असं मी तुला आणि सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. तीन दिवस ती म्हणत होती, संगे, छातीत जळतंय. मी तिला जिऱ्याचं पाणी दिलं, गार दूध दिलं आणि सर्व्हेला निघून गेले. पंचवीस घरांत मी परक्या बायकांना विचारलं की चढताना जळतं का. आईला विचारलं नाही. दोन वर्षं झाली, हे मी कोणाला बोलले नाही, आणि एकोणीस दिवस मी दवाखान्यात स्वतःला दाखवत नाही त्याचं खरं कारण हेच आहे. तेच निघालं तर मग आईचंही तेच होतं असं ठरेल. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण इथे येऊन दे.

ता. क. तिसरा, मंगळवार सकाळ : पत्र रूपीकडे द्यायला निघाले होते, तेवढ्यात ठकी आली. आल्या आल्या उशीखालचा कागद काढून तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली की तिथे काही दुखत नाही, गार गार चिमटे लावतात, ब्लाउज काढावा लागतो पण पडदा असतो आणि आत बाईच असते, मी तुझ्यासाठी सगळं बघून आले आहे, आता तू चल. पंधरा दिवस ती पाण्याला माझ्या मागून टेकडी चढते आहे. वाटेत तीन ठिकाणी मी चपलेचा पट्टा बघायचं नाटक करून थांबते, ते तिने मोजलं होतं. आज उजाडताच ती पायी दवाखान्यात गेली, मॅडमना सगळं खरं सांगितलं आणि डहाणूला जायला गाडी घेऊन आली. मी तरी म्हणत होते की माझी बहीण गुरुवारी येणार आहे, तेव्हा जाऊ. तर तिने माझे दोन्ही दंड धरले. मोठ्याने बोलणारी बाई, पण हे अगदी हळू विचारलं तिने, "संगिता, चढताना जळतं ना गं?"

मी हो म्हटलं. आता निघते. पत्र सासूबाई रूपीला देतील, तू सरळ डहाणूलाच ये.